पाच रुपयांत १९७२ : पूर्व भागातील एका गेमच्या शेडचे परीक्षण

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या ज्या शेड गेल्या काही वर्षांत एकेक करून रिकाम्या झाल्या, त्यांपैकी एका शेडमध्ये एका गृहस्थांनी नाणे टाकून खेळायच्या अगदी आरंभीच्या व्हिडिओ गेमच्या प्रतिकृती मांडल्या आहेत, ही बातमी मला माझ्या बारा वर्षांच्या भाच्याने आणली आणि ती ऐकून त्याच्यापेक्षा मीच अधिक उतावीळ झालो. जागेला अद्याप पाटी नाही. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. ‘पाटी लावली की लोक गेम पार्लर समजतात आणि पोरांना पाठवत नाहीत ओ सर,’ असे त्यांचे म्हणणे असल्यामुळे मीही येथे नावाशिवायच लिहितो आहे. मी तेथे तीनदा गेलो, पहिल्यांदा रविवारी संध्याकाळी भाच्याला घेऊन आणि नंतर दोनदा आडवेळी एकटा. पदविकेच्या मुलांना डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात माझी वीसेक वर्षे गेली आहेत, तेव्हा हे परीक्षण यंत्राच्या मागचे झाकण काढून बघणाऱ्या माणसाचे आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

प्रवेशाला पैसे पडत नाहीत. प्रत्येक खेळाला ५ रुपयांचे एक नाणे लागते आणि ते खरोखरीच यंत्राच्या फटीत टाकावे लागते. मोठ्या गेम झोनमध्ये हल्ली एक कार्ड भरून देतात, ते प्रत्येक यंत्राला टेकवत जायचे असते आणि किती पैसे गेले ते घरी परतल्यावर कळते. येथे दाराशी एका लहान टेबलावर अण्णांच्या पत्नी बसतात. आपण त्यांना फोनवरून पन्नास-शंभर रुपये पाठवायचे आणि त्यांनी तितकी नाणी स्टीलच्या वाटीतून मोजून द्यायची, असा व्यवहार आहे. रात्री यंत्रांच्या गल्ल्यांतून तीच नाणी निघून पुन्हा त्याच वाटीत येतात. सुट्या पैशांची चणचण असलेल्या शहरात हा तोडगा मला चतुराईचा वाटला.

नाणे पारखण्याची व्यवस्था मात्र तितकी चतुर नाही. अण्णांनी मुद्दाम जुन्या पद्धतीची, विजेवाचून काम करणारी पेटी बसवली आहे. फटीतून आत गेलेले नाणे उतरत्या पन्हळीतून घरंगळते, वाटेत त्याचा व्यास आणि वजन तपासले जाते, एका चुंबकाशेजारून ते पुढे सरकते, आणि सगळे जमले तरच खाली एका बारीक तारेवर पडून खेळाचे बटण दाबते. चुंबक कशासाठी, तर लोखंडी चकत्या टाकून फुकट खेळणाऱ्यांना अडवण्यासाठी. अमेरिकेतील २५ सेंटच्या नाण्यात लोखंड नसल्यामुळे तेथे ही युक्ती चोख चालली. आपल्याकडे ५ रुपयांचे नाणे कधी जाड पांढरे, कधी पातळ पोलादी, तर कधी पिवळे असे निघत आले आहे, आणि त्यातले पोलादी नाणे चुंबकाला जाऊन चिकटते. खिशातून नेलेली माझी चार नाणी अशी अडकली. अण्णांनी किल्ली आणून, झाकण उघडून ती परत दिली हे खरे, पण तोवर माझ्यामागे सात-आठ मुले ताटकळत उभी राहिली आणि त्यांच्या नजरेतला अपराधी अर्थातच मी होतो. ‘मशीनने खाल्लं’ हे वाक्य त्या संध्याकाळी मी किमान दहा वेळा ऐकले.

नाणे टाकले की यंत्राने काहीतरी करून दाखवायचे, हा करार व्हिडिओ गेमपेक्षा जुना आहे. माझ्या पिढीला तो पहिल्यांदा रेल्वे स्थानकावरच्या वजनकाट्याने शिकवला. त्याचे लुकलुकणारे दिवे, फिरणारी चकती आणि खट् करून बाहेर पडणारे पुठ्ठ्याचे तिकीट अजून आठवते. तिकिटावर एका बाजूला वजन असे आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. (मला दोनदा परदेशगमन निघाले होते. मी अजून सोलापुरात आहे.) अमेरिकेत हा धंदा पिनबॉल या गोळी उडवायच्या खेळाच्या टेबलांवर पोसला गेला, आणि त्याला जुगाराचा वास येतो म्हणून न्यूयॉर्क शहराने १९४२ साली पिनबॉलवर घातलेली बंदी थेट १९७६ पर्यंत टिकली. अण्णांना ‘पार्लर’ या शब्दाची जी धास्ती वाटते, तिचे मूळ इतके लांब आणि इतके जुने आहे. पुढे जपानच्या सेगा कंपनीचे ‘पेरिस्कोप’ हे पाणबुडीचे यांत्रिक यंत्र आले, त्यात पडदा नव्हता, दिवे आणि सरकणारी जहाजे होती, आणि अमेरिकेत एका खेळाला २५ सेंट घ्यायचा पायंडा त्याने घातला. दारूच्या गुत्त्यात किंवा जत्रेत यंत्र ठेवणारा, आठवड्याला गल्ला उघडून जागेच्या मालकाशी वाटणी करणारा माणूस असा तेव्हाच तयार होता. पडद्यावरचे खेळ आले ते त्याच्याच दारात.

शेडमध्ये शिरताच उजव्या हाताला पहिले यंत्र दिसते ते ‘कॉम्प्युटर स्पेस’. त्याच्याशेजारी आणि इतर प्रत्येक यंत्राशेजारी अण्णांनी मराठी फलक लावले आहेत. ही कल्पना उत्तम आहे, अक्षरही सुबक आहे, मजकुराला मात्र दुरुस्ती हवी. ‘पाँग’ या टेबल टेनिससारख्या खेळाच्या फलकावर ठळक अक्षरांत ‘जगातील पहिला व्हिडिओ गेम’ असे लिहिले आहे आणि ते बरोबर नाही. ही गोष्ट सुरू होते १९६२ साली, अमेरिकेतील एमआयटी या तंत्रसंस्थेत, जेथे स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ नावाचा दोन यानांच्या झुंजीचा खेळ लिहिला. तो संगणक सुमारे १ लाख २० हजार डॉलरचा असल्यामुळे खेळ विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतून बाहेर पडू शकत नव्हता. ज्यांनी तो तेथे पाहिला त्यांच्या डोक्यात मात्र एकच हिशेब घोळू लागला, की याला नाण्याची फट बसवली तर काय होईल.

हा हिशेब दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी मांडला गेला आणि दोन्ही उत्तरे वेगळी निघाली. बिल पिट्स आणि ह्यू टक या दोघांनी प्रामाणिकपणे खरा संगणक विकत घेतला. पीडीपी-११ या यंत्राला त्यांनी १४ हजार डॉलर मोजले, बाकीचा खर्च धरून आकडा २० हजारांच्या घरात गेला, आणि सप्टेंबर १९७१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थी भवनात ‘गॅलेक्सी गेम’ सुरू झाला. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध धुमसणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘वॉर’ हा शब्द रुचणार नाही म्हणून त्यांनी नाव बदलले होते. दर होता एका खेळाला १० सेंट आणि तीन खेळांना २५ सेंट. मुले खेळण्यासाठी तास-तासभर थांबत, यंत्र पुढे १९७९ पर्यंत चालले, पण दहा-दहा सेंटनी २० हजार डॉलर फेडायचे तर किती खेळ व्हावे लागतील हे वाचकांनीच करून पाहावे. अण्णांच्या शेडमध्ये ‘गॅलेक्सी गेम’ची प्रतिकृती नाही, निदान एक फलक तरी असायला हवा होता. मी तसे सुचवले आणि त्यांनी ते वहीत टिपून घेतले.

दुसरे उत्तर नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांचे, आणि तेच हे ‘कॉम्प्युटर स्पेस’. बुशनेल विद्यार्थिदशेत युटामधील एका करमणूक उद्यानात खेळांच्या स्टॉलवर काम करत असे, म्हणजे नाणे खिशातून निघते कसे हे त्याला संगणकाआधी कळले होते. छोटा संगणक वापरून पाहण्याचा बेत महाग आणि संथ ठरल्यावर या दोघांनी संगणकच काढून टाकला. हा भाग मला वर्गात शिकवायला फार आवडतो, म्हणून जरा रेंगाळतो. जुन्या टीव्हीचे चित्र अधूनमधून वर-खाली पळू लागायचे आणि घरातले कोणीतरी उठून मागची व्हर्टिकल होल्डची किल्ली फिरवायचे, हे चाळिशी ओलांडलेल्या सगळ्यांना आठवत असेल. चित्र पळते ते टीव्हीचा ताल आणि चित्राचा ताल जुळेनासा झाल्यामुळे. डॅबनीने हीच खोड कामाला लावली. टीव्हीचा किरण ठरलेल्या तालात पडदा विंचरत असतो. त्याच तालात मोजणारा दुसरा काउंटर ठेवला की पडद्यावर एक ठिपका स्थिर उभा राहतो, आणि त्या काउंटरची मोजणी किंचित कमी-जास्त केली की ठिपका डावीउजवीकडे किंवा वर-खाली चालू लागतो. यात प्रोग्राम नाही, प्रोसेसर नाही. आमच्या प्रयोगशाळेत मुले ज्या ७४०० मालिकेच्या चिप ब्रेडबोर्डवर खोचतात, त्याच जातीच्या चिप आणि एक साधा टीव्ही एवढ्यावर काम भागले.

यानाचे चित्र कुठे साठवायचे, हा प्रश्न त्यांनी डायोडनी, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या छोट्या सुट्या भागांनी सोडवला. ‘कॉम्प्युटर स्पेस’च्या सर्किट बोर्डावर रॉकेटचे निरनिराळ्या कोनांतले आकार डायोडच्या रांगांनी मांडलेले असत, इतके उघड की बोर्ड हातात घेतला तरी रॉकेट डोळ्यांना दिसावे. अण्णांनी त्या बोर्डाच्या एका भागाचा नमुना स्वतः तयार करून काचेमागे टांगला आहे, आणि माझ्या मते पूर्ण शेडमध्ये सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे. डायोड जागेवर असला तर पडद्यावर उजेड, नसला तर अंधार. त्याच्याच खाली त्यांनी नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागाचा छिद्रे पाडलेला एक जुना पुठ्ठा खिळ्याला अडकवून ठेवला आहे. त्यांचे वडील चादरीच्या कारखान्यात ही कार्डे ओवण्याचे काम करत. जिथे छिद्र तिथे ताणा उचलायचा, नाही तिथे नाही, आणि त्यातून चादरीवर मोर उमटायचा. यावर फलक नाही, खुलासा नाही, दोन वस्तू नुसत्या वर-खाली आहेत. शेजारच्या घरातून डबा द्यायला आलेल्या एक आजीबाई काचेसमोर थबकल्या आणि ‘हे नक्षीच काम दिसतंय की’ म्हणून पुढे गेल्या. मी वर्गात यापेक्षा बरे समजावू शकलेलो नाही.

असे असूनही प्रतिकृती म्हणून ‘कॉम्प्युटर स्पेस’ हेच येथले सर्वांत फसलेले यंत्र आहे, हे खेदाने नोंदवावे लागते. बाहेरचा फायबरचा सांगाडा देखणा आहे. मूळ यंत्राला एकही सरळ कोपरा नव्हता, ते चमचमत्या रंगांत येई, आणि अण्णांनी फायबरच्या टाक्या करणाऱ्या कारागिराकडून तो गोलावा आणि पिवळी चमक दोन्ही साधून घेतली आहेत. पण आत सपाट एलसीडी पडदा आहे, आणि त्यावर चालणारा खेळ एका छोट्या संगणकावर कोणीतरी अंदाजाने लिहिलेला आहे. मूळ खेळात यान वळवले की सोडलेले क्षेपणास्त्रही त्याबरोबर वळत असे, येथे ते सरळच जाते. दीड मिनिटाच्या डावाच्या शेवटी तुमचे गुण शत्रूच्या उडत्या तबकड्यांपेक्षा जास्त असतील तर काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे होऊन आणखी वेळ मिळत असे, ती गंमत येथे गाळलीच आहे. याला अण्णांचा सगळा दोष नाही. ज्या यंत्रात मुळात प्रोग्रामच नव्हता त्याची नक्कल उतरवून घेता येत नाही, एकतर परिपथ (सर्किट) पुन्हा जोडावा लागतो किंवा संगणकावर त्याचे एकेक गेट, म्हणजे हो-नाही ठरवणारा एकेक लहान भाग, उभे करावे लागते. तरी पाच रुपये घेताना फलकावर तसे लिहायला हवे.

खुद्द मूळ यंत्राचेही फार भले झाले नव्हते. नटिंग असोसिएट्स या कंपनीने १९७१ च्या अखेरीस ते बाजारात आणले आणि सुमारे १५०० नग काढले. स्टॅनफर्डजवळच्या एका बारमध्ये चाचणीला ठेवले तेव्हा विद्यार्थ्यांनी ते उचलून धरले होते, पण दिवसभर राबून आलेल्या गिऱ्हाइकाला फिरणे, जोर लावणे आणि गोळी सोडणे यांची वेगवेगळी बटणे व त्यांवरच्या सूचना वाचण्यात रस नव्हता. माझ्या भाच्यानेही सूचनांच्या दुसऱ्या ओळीवर मान वळवली आणि विचारले, ‘मामा, ते दुसरं कुठलंय?’

ते दुसरे म्हणजे ‘पाँग’, आणि त्यासाठी मात्र मी कोणालाही विजापूर वेशीपासून चालत यायला सांगेन. साधी, छातीइतक्या उंचीची लाकडी पेटी, भंगारातून मिळवलेली काळी-पांढरी पिक्चर ट्यूब, दोन गोल किल्ल्या आणि आत खऱ्याखुऱ्या साठ-सत्तर चिपचा परिपथ. टीव्ही दुरुस्तीत उमेद घालवलेल्या अण्णांनी तो नकाशावरून स्वतः जोडला आहे. मी मागचे झाकण उघडून घेतले तेव्हा तारांची वळणे इतकी नेटकी दिसली की माझ्या अंतिम वर्षाच्या मुलांची सहल येथे आणावी असे मनात आले. नाणे पडते, ठिपका सुटतो, किल्लीने हलणाऱ्या फळीला लागताच तो कोरडा ‘टक्’ होतो. तो आवाजसुद्धा मूळच्यासारखा परिपथातच तयार असलेल्या कंपनांतून काढलेला आहे. ‘पाँग’ हा बुशनेल आणि डॅबनी यांच्या अटारी या नव्या कंपनीचा खेळ, आणि बुशनेलला त्यात गर्दीचा जल्लोष हवा होता. अ‍ॅलन अ‍ॅल्कॉर्न या तरुण अभियंत्याने चिप वाढवायच्या नाहीत म्हणून टीव्हीचा ताल राखणाऱ्या भागातच एक आवाज शोधून तो जोडून दिला.

अ‍ॅल्कॉर्नला हे काम सरावासाठी दिले होते, आणि ते एका मोठ्या कंपनीच्या कंत्राटाचे आहे अशी थाप मारून दिले होते. त्याने फळीचे आठ भाग पाडले, मध्यावर लागलेला चेंडू सरळ परततो आणि कडेला लागलेला तिरपा जातो, आणि काही टोल्यांनंतर चेंडूचा वेग वाढतो. यंत्रावरच्या सूचनांतली गाजलेली ओळ अशी होती, जास्त गुण हवे असतील तर चेंडू चुकवू नका. १९७२ मध्ये सनीव्हेल गावातल्या अँडी कॅप्स टॅव्हर्न या गुत्त्यात पहिला नग ठेवला आणि थोड्याच दिवसांत तो बंद पडल्याचा निरोप आला. अ‍ॅल्कॉर्नने जाऊन पेटी उघडली, तर नाणी काठोकाठ भरून यंत्र अडले होते. ही हकिगत अण्णांच्या फलकावर आहे आणि ती खरी आहे. फलकावर नाही ते असे, की टेबल टेनिसची ही कल्पना अटारीच्या घरची नव्हती. राल्फ बेअर यांनी १९६६ पासून घरच्या टीव्हीवर खेळायच्या खेळांवर काम केले होते, त्यातून मॅग्नाव्हॉक्स कंपनीचा ‘ओडिसी’ आला, मे १९७२ मध्ये त्याचे प्रात्यक्षिक बुशनेलने पाहिले, प्रकरण कोर्टात गेले आणि १९७६ साली अटारीने परवाना घेऊन तडजोड केली. या दुरुस्तीला फलकावर दोन ओळी पुरतील.

आता माझ्या मते या शेडचा कस ज्या एका गोष्टीवर लागतो तिच्याकडे येतो. मूळ ‘पाँग’मध्ये फळी पडद्याच्या अगदी वरच्या कडेपर्यंत पोहोचत नसे. ती परिपथातली उणीव होती. अ‍ॅल्कॉर्नच्या लक्षात आली, पण त्याने ती तशीच ठेवली, कारण फळी सर्वत्र पोहोचली असती तर दोन तरबेज खेळाडूंचा डाव संपलाच नसता आणि पुढचे नाणे पडले नसते. घरच्या टीव्हीवरचे आणि फोनवरचे पाँग मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यांतल्या बहुतेकांनी ही फट ‘सुधारून’ टाकली आहे. अण्णांच्या पाँगमध्ये ती आहे. मी आणि भाचा नऊ-नऊ गुणांवर होतो, चेंडू वरच्या कडेने घासत आला, मी किल्ली शेवटापर्यंत पिळली, फळी बोटभर खाली थांबली आणि चेंडू तिच्या डोक्यावरून निघून गेला. भाच्याने शेडभर आरोळी ठोकली. पुढच्याच चेंडूला अकरावा गुण त्याचा झाला. मी गपचूप पुढचे नाणे काढले.

चेंडूने विटांची भिंत फोडायचा ‘ब्रेकआउट’ बरा आहे, त्यावर फार लिहिण्यासारखे नाही. १९७६ चा हा खेळ मुळात काळ्या-पांढऱ्या पडद्याचा होता आणि विटांचे रंग पडद्यावर चिकटवलेल्या रंगीत पट्ट्यांचे होते. येथे स्नेहसंमेलनातल्या दिव्यांवर लावतात तो जिलेटीन कागद वापरला आहे आणि एका कोपऱ्यात तो सुटला आहे. किल्ली मात्र गुळगुळीत फिरते.

‘स्पेस इन्व्हेडर्स’च्या बाबतीत अण्णांना नक्कल सोपी गेली, कारण १९७८ पर्यंत काळ पालटला होता. तोमोहिरो निशिकादो यांनी तायतो कंपनीसाठी केलेल्या या खेळात इंटेल ८०८० हा प्रोसेसर होता, प्रोग्राम होता, आणि तो जसाच्या तसा आजच्या छोट्या संगणकावर चालवता येतो. येथेही तीच उणिवेची कथा आहे. पडद्यावर परग्रहवासी भरपूर असताना बिचाऱ्या प्रोसेसरला सगळ्यांना हलवायला वेळ लागे, एकेक मारला गेला की काम हलके होई आणि उरलेले वेगाने धावू लागत. निशिकादोंनी तो दोष काढला नाही, आणि खेळाडूच्या तळहाताला शेवटी जो घाम फुटतो तो त्या निर्णयाचा. शेवटचा एकटा उरलेला परग्रहवासी सुसाट सुटला तेव्हा भाचा म्हणाला, ‘मामा, तो घाबरलाय.’ गोळी सोडायचे बटण येथे थोडे अडते, दहा खेळांत दोनदा ते मला दगा देऊन गेले.

शेडच्या मागच्या भिंतीला एक मोठे यंत्र आहे ज्यावर फलक नाही आणि ज्यापुढे कायम गर्दी आहे. ते १९९३ चे ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, ज्याला आपल्याकडे कोणीही त्या नावाने ओळखत नाही, सगळे त्यातल्या एका पात्राच्या नावावरून ‘मुस्तफा’ म्हणतात. अण्णा पूर्वी हे यंत्र सिद्धेश्वरांच्या यात्रेत, गड्ड्यावर लावत असत. शेडचे भाडे आणि वीजबिल तेच भागवते, असे त्यांनी सांगितले आणि त्यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो आवाजाला. मुस्तफाच्या ठोशांखाली पाँगचा तो बारीक ‘टक्’ संध्याकाळी ऐकूच येत नाही. मध्ये प्लायवूडचा पडदा टाकला तरी पुष्कळ फरक पडेल. बाकी सोयी बेताच्या आहेत. छत पत्र्याचे आहे, पंखे चार, त्यातले तीन चालू, आणि सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन वाजता तेथे पाय ठेवणे शहाणपणाचे नाही. पिण्याचे पाणी माठातले आणि थंडगार. चहा समोरच्या टपरीवरून मागवता येतो, पण पेला यंत्रावर ठेवलात तर अण्णांच्या पत्नी तो न बोलता उचलून नेतात.

महिन्याचा ३०० रुपयांचा पास मात्र घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. या पासवर सकाळच्या वेळात अण्णा यंत्रे विनानाण्याची करून देतात आणि हवे तितके खेळता येते. मी दुसऱ्या खेपेस तो घेतला. पाऊण तासात मला कंटाळा आला. चेंडू चुकला की नुसते बटण दाबायचे आणि पुन्हा चेंडू हजर, त्यामुळे तो चुकू नये म्हणून जीव टाकायचे कारणच उरत नाही. दीड मिनिटाचे घड्याळ, वाढता वेग, वरची फट हे सारे ज्या नाण्यासाठी रचले होते ते नाणे काढून घेतल्यावर उरते ती ठिपक्यांची हालचाल. अण्णांना मी हे सांगितले तेव्हा ते हसले. ‘मलाबी ठाऊक आहे, सर. कॉइन काढलं की पोरं हरायलाच विसरतात ओ. पण आई-बापांना पास बरा वाटतो, हिशेब राहतो.’

तिसऱ्या खेपेस मी पुन्हा वाटीतून वीस नाणी घेतली, त्यातली अकरा एकट्या पाँगने घेतली. पाँगच्या फलकावरचा ‘पहिला’ हा शब्द तोवर पांढऱ्या रंगाने पुसलेला होता आणि नवीन मजकूर अजून लिहायचा होता. जाणाऱ्यांनी शक्यतो आडदिवशी सकाळी अकराच्या आत जावे, लहान मुलांसाठी पाँगजवळचा लाकडी पाट मागून घ्यावा, आणि घरची नाणी नेणार असाल तर ती आधी फ्रिजच्या दारावरच्या चुंबकाला लावून पाहावीत. चिकटलेली घरीच ठेवावीत.